परदेशातही आपलाच नंबर वाजला पाहिजे: वाय-फाय कॉलिंगचे तुमचे अनुभव सांगा

ठाणे

माझे बाबा सांगलीला एकटे असतात. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि त्यांना तोच हवा आहे. रोज रात्री नऊला, बातम्या संपल्या की ते मला फोन लावतात. माझा नंबर त्यांना पाठ आहे, दुसरा कुणाचाही नाही. त्यामुळे मे महिन्यात दहा दिवस स्कॉटलंडला जायचं ठरलं तेव्हा व्हिसापेक्षा मला या नऊच्या फोनचीच काळजी जास्त होती. तिकडे नवं सिम घेतलं तर तो नंबर बाबांना कसा लावता येणार?

धाकट्या दिराने निघण्याच्या आठ दिवस आधी माझ्या मोबाइलमध्ये वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून आपल्याच नंबरचे नेहमीचे कॉल, सुरू करून दिलं. घरीच एअरप्लेन मोड लावून, फक्त वाय-फाय चालू ठेवून त्याने मला फोन केला. वाजला. मग कस्टमर केअरला फोन करून विचारलं की परदेशातून हे चालेल का आणि पैसे कसे लागतील. माझ्या प्लॅनला चालणार होतं, वेगळे पैसे नव्हते.

एडिनबरोला पहिल्या दिवशी दुपारी साडेचारला मी खोलीत येऊन बसले. वरच्या पट्टीत विमानाचं चिन्ह आणि शेजारी वाय-फाय कॉलिंगचं. फोन वाजला. "जेवलीस का?" बाबांचा तोच पहिला प्रश्न. मग आज बाजारात गवार कोवळी मिळाली, खालच्या मजल्यावरचे लोक गावाला गेलेत, असं सगळं सांगून झालं. आवाज इतका स्वच्छ होता की त्यांच्या पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येत होती.

ज्यांनी हे वापरलंय त्यांनी जरूर लिहा. कुठे चाललं, कुठे अडलं, पैसे कसे लागले. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना फार उपयोग होईल.

नाशिक

आमचा अनुभव उलटा आहे. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने होतो. त्याने मागच्या वर्षी भेट दिलेला अमेरिकेतलाच फोन मी वापरत होते. त्यात माझ्या इथल्या सिमसाठी वाय-फाय कॉलिंगचा पर्यायच दिसेना. तिकडे विकलेल्या काही फोनमध्ये आपल्याकडच्या कंपन्यांची सेटिंग्ज नसतात, हे तिथे गेल्यावर कळलं. सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगही सुरू केलेलं नव्हतं. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी ओटीपी हवा होता, तो येईना. शेवटी मुलाने इकडच्या कंपनीशी तीन रात्री जागून बोलून रोमिंग सुरू करून घेतलं, तेव्हा मेसेज यायला लागले.

आणखी एक, सिम नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवू नका. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो. आमच्या ओळखीतल्या एकांचा तसा गेला, आणि बँकेत तोच नंबर नोंदवलेला. परत आल्यावर किती हेलपाटे पडले ते त्यांचं त्यांनाच माहीत.

बेंगळुरू

मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून आतली गोष्ट सांगतो. वाय-फाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारखं वेगळं अ‍ॅप नाही. टॉवरऐवजी तुमचा मोबाइल इंटरनेटवरून थेट आपल्या कंपनीच्या दारापर्यंत एक बंदिस्त बोगदा तयार करतो आणि त्यातून नेहमीचा कॉल जातो. म्हणून समोरच्याकडे साधा फोन असला तरी चालतं. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली.

परदेशात दोन ठिकाणी अडतं. कंपनीने ते दार परदेशी इंटरनेटसाठी बंद ठेवलेलं असेल तर तुम्ही काहीही करा, लागणार नाही. दुसरं हॉटेलचं वाय-फाय. हा बोगदा यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टवरून, म्हणजे इंटरनेटच्या दोन ठरावीक वाटांवरून, जातो आणि काही हॉटेलं, ऑफिसं ते अडवतात. ब्राउझर चालतो, व्हिडिओ चालतो, पण कॉलिंगचं चिन्ह येत नाही. अशा वेळी सोबतच्या माणसाच्या स्थानिक सिमवरून हॉटस्पॉट घेऊन बघा. माझं ओसाकामध्ये असंच जमलं. खोलीतल्या वाय-फायवर दोन दिवस काही नाही, बायकोच्या हॉटस्पॉटवर मिनिटभरात चिन्ह आलं.

दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये स्थानिक सिमचा डेटा वापरून भारतातल्या सिमवर कॉल घेता येतो. ते जमलं तर रस्त्यातही फोन लागतो.

औरंगाबाद, सध्या दुबई

इथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही. नवीन आलेल्यांना हे माहीत नसतं आणि घरचे घाबरतात. आम्ही आईच्या फोनमध्ये बोटिम हे कॉल करायचं अ‍ॅप घालून दिलंय.

कोल्हापूर

एअरप्लेन मोड लावायला विसरू नका, एवढंच सांगते. आम्ही बँकॉकला हॉटेलमधून बाहेर पडलो, वाय-फाय सुटलं, मोबाइलने तिथलं नेटवर्क पकडलं आणि मामांचा फोन आला. बारा मिनिटं बोलले. सगळी रोमिंगच्या दराने लागली.

पुणे, आधी सिॲटल

माझं प्रकरण दुसऱ्या बाजूचं. मी अमेरिकेतून दोन महिन्यांसाठी कोथरूडला आले होते आणि अमेरिकेचं सिम वाय-फाय कॉलिंगवर ठेवलं होतं. तिकडची बँक, मुलीची शाळा, डॉक्टर, सगळ्यांचे फोन सरळ यायचे. अमेरिकेतल्या नंबरांना इथून लावलेले कॉलही फुकट. म्हणून मी त्याच सिमवरून पोळ्यांच्या मावशींना रोज फोन करायला लागले, "आज सहा जास्त करा" म्हणून. मावशी दोन गल्ल्या पलीकडे राहतात, पण माझा फोन कंपनीच्या हिशेबात सिॲटलहून भारतात जात होता. आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे लागले. इथल्या माणसांशी बोलायला इथलंच सिम घ्या.

डोंबिवली

तातडीच्या वेळेचं लिहिते, कारण आमच्यावर आली होती. इंटरलाकेनला भाड्याच्या घरात ह्यांचा पाय जिन्यावरून घसरला. मोबाइल एअरप्लेन मोडवर. मी त्यावरूनच रुग्णवाहिकेला लावायला निघाले, तर मुलीने हातातून घेऊन आधी एअरप्लेन मोड काढला. वाय-फायवरून लावलेल्या कॉलमध्ये आपण नेमके कुठे आहोत हे समोरच्याला कळेलच असं नाही, टॉवरवरून कळण्याची शक्यता जास्त. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४, आणि युरोपभर ११२ चालतो. तेव्हापासून मुक्कामाचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवते.

रत्नागिरी

ठाण्याच्या ताई, तुमच्या बाबांबद्दल वाचलं आणि लिहावंसं वाटलं. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं टोरोंटोला लेकीकडे होतो. घर बंद. चावी शेजारच्या वहिनींकडे. त्यांच्याकडे आमचा एकच नंबर, तोही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला. लेकीने आल्या दिवशीच माझ्या फोनवर वाय-फाय कॉलिंग लागतंय का ते बघून ठेवलं होतं आणि रात्री वाय-फाय बंद करू नका म्हणाली होती.

पहाटे सव्वातीनला फोन वाजला. वहिनी. तिकडे दुपारचा पाऊण, मागे पावसाचा नुसता धो धो आवाज. "भावोजी, विहिरीकडचा माड तुमच्या पडवीवर आलाय. कौलं फुटली, पाणी आत येतंय. कुणाला बोलवू?" मी सुताराचं नाव सांगितलं, ताडपत्री माळ्यावर कुठे आहे ते सांगितलं. त्या फोन कानाला धरूनच शिडी चढल्या, मी एकेक कोपरा सांगत होतो. ताडपत्री सापडली तेव्हा बायको माझ्याशेजारी उठून बसली होती.