विषय: टाइमशेअरचा आठवडा बदलून घेताना

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे टाइमशेअरचा, म्हणजे रिसॉर्टमधल्या जागेत दरवर्षी राहण्याच्या हक्काचा, एक ठरलेला आठवडा आहे, दोन बेडरूमचा. यंदा तिथे जायचं नाही. मुलांच्या सुट्टीत समुद्रकाठी कुठे मिळालं तर हवंय. रिसॉर्टवाले म्हणतात, आठवडा एक्स्चेंजला टाका आणि जगभर कुठेही जा. इतकं सोपं असतं का हे? आमचा आठवडा घेणारा कोणी समोर असावा लागतो का?

---

ताई, नमस्कार.

समोर कोणी लागत नाही. तुमचा आठवडा सामाईक साठ्यात जमा होतो आणि त्यातून तुम्ही दुसरा उचलता. तुमच्या जागी कोण जाऊन राहिलं, याच्याशी तुमचा संबंध नसतो. आरसीआय ही एक्स्चेंज कंपनी १९७४ पासून हेच करतेय, इंटरव्हल इंटरनॅशनल ही दुसरी १९७६ पासून. तुमचं रिसॉर्ट कोणाशी जोडलंय ते आधी विचारा.

"जगभर कुठेही" ही विक्रीची भाषा झाली. खरं बघायचं ते तुमच्या आठवड्याला भाव किती. आरसीआय त्याला ट्रेडिंग पॉवर म्हणते आणि चक्क आकड्यात दाखवते. हंगाम, त्या जागेला मागणी, युनिट केवढं, राहून गेलेल्यांचे शेरे, असं बरंच त्यात धरतात. आपल्या हातात एकच गोष्ट: जमा कधी करायचा. चेक-इनच्या नऊ महिने किंवा त्याहून आधी टाकला तर पूर्ण मोल, नंतर ते घसरत जातं. लोक काय करतात, जमलं तर स्वतःच जाऊ म्हणून थांबतात, अगदी शेवटी टाकतात आणि मग काहीच चांगलं दिसत नाही म्हणून कुरकुरतात. मेंटेनन्स थकला असेल तर जमाच होत नाही, तेही आधी उरका.

समजा तुमच्या आठवड्याचे ३० आले आणि हवा तो १८ ला मिळाला, तर उरलेले १२ खात्यात राहतात. कमी पडले तर दोन जमा आठवडे एकत्र करता येतात. त्याची फी वेगळी, अर्थातच!

इंटरव्हलमध्ये आकडा नाही, तुमचा आठवडा आणि हवा तो आठवडा यांची तुलना असते. तिथे एक सोय मला फार आवडते: आधी मागणी नोंदवायची, आणि मनासारखं मिळेपर्यंत आपला आठवडा आपल्याकडेच ठेवायचा.

शिवाय "तुमचा रेड वीक आहे", म्हणजे सर्वाधिक मागणीच्या हंगामातला, हे ऐकून हुरळून जाऊ नका. काही ठिकाणी वर्षभर लालच असतो.

शाळेच्या सुट्टीतला समुद्रकिनारा म्हणजे सगळ्यांनाच हवा असलेला माल. रोज साइटवर डोळे लावून बसण्यापेक्षा मागणी नोंदवून ठेवा, जितकी लवकर तितकं बरं. तीन-चार रिसॉर्ट आणि तारखांना थोडी सैल जागा द्या. मात्र जुळलं की बुकिंग बहुधा आपोआप पक्कं होतं, त्यामुळे नको असलेलं एकही नाव यादीत घालू नका.

---

काका, खूप आभार. आमचं युनिट लॉक-ऑफ आहे, मधलं दार बंद केलं की दोन भाग होतात. वेगवेगळे टाकले तर?

---

रिसॉर्टची परवानगी असेल तर टाकता येतात, आणि दोन आठवडे हाती येतात. पण एक्स्चेंज फीही दोनदा. लहान भागाच्या बदल्यात सुट्टीतला दोन बेडरूमचा मिळणं कठीणच. तो ऑफ-सीझनला दोघांनी जायला ठेवा आणि मोठा भाग मुलांच्या सुट्टीसाठी लावा.

पक्कं करण्याआधी त्या रिसॉर्टची बारीक अक्षरं वाचा. रिसॉर्ट फी वेगळी असू शकते, आणि ऑल-इन्क्लुझिव्ह असेल तर माणशी जेवणाचे पैसे बहुधा सक्तीचे, एक्स्चेंजमध्ये ते धरलेले नसतात. तुमच्याऐवजी घरचं दुसरं कोणी जाणार असेल तर गेस्ट सर्टिफिकेट काढावं लागतं.

आणि हो, याच कंपन्या उरलेले आठवडे सभासदांना रोख पैशांतही देतात, आपला आठवडा न घेता. इंटरव्हलमध्ये त्याला गेटअवे म्हणतात. ऑफ-सीझनला ती किंमत कधीकधी तुमच्या मेंटेनन्सपेक्षाही कमी निघते. तशा ठिकाणी आपला आठवडा खर्चू नका.