पेलेट शेगडी: रोज साफ करूनही ज्योत मंद आणि काच काळी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे लाकडी पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांवर, चालणारी शेगडी आहे. हा तिचा तिसरा हिवाळा. दोन हिवाळे तक्रारीला जागा नव्हती, पण गेल्या पंधरा दिवसांपासून तिचं काहीतरी बिनसलंय.

पेटायला वेळ लागतो. पेटली की थोडा वेळ बरी चालते, मग ज्योत लांब, नारिंगी आणि सुस्त होते, टोकाला काजळी धरते. पूर्वी ती आखूड, लखलखीत असायची आणि सारखी फडफडायची. काच तीन-चार दिवसांनी पुसावी लागायची, ती आता संध्याकाळपर्यंत काळीकुट्ट. परवा दोनदा आपोआप बंद पडली, पडद्यावर हवेच्या दाबाची सूचना होती.

रोज सकाळी शेगडी पूर्ण गार झाली की बर्न पॉट, म्हणजे पेलेट जळतात ती वाटी, बाहेर काढून झटकते. तळाची भोकं तारेने मोकळी करते. हल्ली वाटीत राखेऐवजी एक कडक ढेप सापडते. तपकिरी, काचेसारखी चकाकणारी, आत बुडबुड्यांची भोकं. खरवडायला जोर लागतो. राखेचा खण आठवड्यातून एकदा रिकामा करते. नवीन पोती आणली तेव्हापासून ही ढेप दिसतेय, पण सगळा दोष पेलेटचाच असेल का?

माझी आई त्याच खोलीत झोपते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला आहे आणि तो अजून वाजलेला नाही, तरी मला रात्री झोप लागत नाही. तूर्त शेगडी बंद ठेवली आहे. जाणकारांनी कृपया सांगावं, कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद

बंद ठेवलीत ते फार चांगलं केलंत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे नाकावर विसंबू नका.

सुस्त नारिंगी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. तुम्ही साफ करता तो दिसणारा भाग. धूर मात्र वाटीच्या वरून मागच्या पत्र्याआड जातो, तिथून खाली धूर ओढणाऱ्या पंख्यात आणि मग नळीत. या वाटेत राख साचली की पंखा फिरत राहतो, पण ओढ राहत नाही. तीन हिवाळ्यांत मागचा पत्रा एकदाही काढला नसेल तर मी आधी तिथेच बघेन.

प्लग काढा. मागचा पत्रा बहुधा दोन-तीन स्क्रूंवर किंवा खाचेत अडकवलेला असतो. बाजूंना रबरी हातोडीने हलके ठोकलंत की अडकलेली राख खाली येते. ती ओढायला राखेसाठीचाच व्हॅक्यूम वापरा. घरातल्या साध्या व्हॅक्यूमच्या गाळणीतून बारीक राख आरपार जाते, आणि राखेत दडलेला एखादा निखारा आत गेला तर पिशवी पेट घेते. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात घराबाहेर ठेवा. निखारे कित्येक तास, कधी दिवसभरसुद्धा जिवंत राहतात.

मग धुराच्या नळीचा टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, उघडा. खालच्या टोपणाला आधी पिशवी बांधा, नाहीतर सगळी काजळी अंगावर येईल. पंखा काढलात तर त्याचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून हवा गळू नये म्हणून बसवलेली चकती, नवं लावावं लागतं, म्हणून गरज नसेल तर तो हलवू नका.

दाबाच्या सूचनेसाठी आणखी एक जागा बघा. दाब मोजणाऱ्या स्विचपासून शेगडीच्या आत एक बारीक रबरी नळी जाते, तिचं तोंड राखेने बुजतं. नळी स्विचपासून सोडवा आणि शेगडीच्या दिशेने फुंका. स्विचमध्ये चुकूनही फुंकू नका, आतला पडदा फाटतो.

ती ढेप म्हणजे वितळून गोठलेली राख. पेलेटमध्ये साल, माती, वाळू जास्त असली की होते. ईएनप्लस या पेलेटच्या दर्जा-प्रमाणपत्रातल्या ए१ दर्जाच्या पेलेटमध्ये राखेचं प्रमाण जास्तीत जास्त ०.७ टक्के असतं. पोत्यावर दर्जा छापलेला असतो तो वाचा. पण हवा कमी असतानाही ढेपा वाढतात, म्हणून पेलेट बदलण्याआधी वाट मोकळी करा.

शेवटी दाराची दोरी, म्हणजे फटीतून हवा येऊ नये म्हणून दाराच्या कडेने खाचेत बसवलेली. दारात कागदाचा तुकडा ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निसटला तर हवा वाटीखालून न येता तिथून आत शिरतेय.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल सकाळ त्यातच गेली. मागचा पत्रा काढला तर आत टाल्कम पावडरसारखी करडी राख, बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत बुडलं. डावीकडची वाट जवळजवळ बंद होती. टीमधून भांडंभर काजळी निघाली. रबरी नळीचं तोंडही बुजलेलं होतं, टूथपिकने मोकळं केलं.

संध्याकाळी अलार्म तपासून शेगडी लावली. ज्योत पुन्हा आखूड आणि लखलखीत! तीन तास मी समोरच बसून होते, एकदाही बंद पडली नाही. त्याच पोत्यातले पेलेट होते, तरी आज सकाळी वाटीत ढेप नव्हती, फक्त सुटी राख.

कागद तीन बाजूंना घट्ट धरला गेला, बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद निसटला. तिथली दोरी चपटी आणि कडक झालीय. नवी बसवण्याआधी खाचेतला जुना वाळलेला गोंद कशाने काढता? पत्र्यावर ओरखडे पडतील अशी भीती वाटते.