मदत हवी आहे : सोलापुरात बाबांसाठी तेलुगू समजणाऱ्या मावशी, आणि घरावर लक्ष ठेवणारं कुणीतरी

नमस्कार मंडळी,

मी अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. आई-बाबा जुळे सोलापूरला. बाबा ८२, रेल्वेतून निवृत्त. आई ७६, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. बहीण लातूरला, पण तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. महिन्यातून एक रविवार येते, त्यातला निम्मा एसटीत जातो.

जूनमध्ये बाबा पडले. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, सोलापूरकरांना काय सांगायचं! त्या दिवशी पहाटे आलं. आई टाकी भरायला उठली, पाणी मोरीबाहेर सांडलं, आणि तिच्यामागून मोटर बघायला म्हणून बाबा. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मी तीन आठवडे राहिलो, एका ब्युरोकडून चोवीस तासांच्या मावशी लावल्या आणि परत आलो. तेव्हापासून पाच मावशी झाल्या. ब्युरोवाले कमिशन आधी घेतात, मावशी गावाला गेल्या की फोन उचलत नाहीत. पण मावशींबद्दल माझी तक्रार नाही. पाचांतल्या चौघी चांगल्या होत्या.

अडचण वेगळीच आहे. आम्ही घरात तेलुगू बोलतो (घरी अम्मा-नायना, इथे सोयीसाठी आई-बाबा म्हणतोय). बाबांचं लहानपण साखर पेठेत गेलं, नोकरी सगळी मराठीत झाली. पण ऑपरेशननंतर रात्री त्यांचं मराठी नाहीसंच होतं. चौथ्या मावशी बार्शीकडच्या. एका सकाळी आईला म्हणाल्या, "काकू, नीलू कोण हो? बाबा रात्रभर तिला हाका मारतात." आईला आधी काही सुधरेना. मग कळलं, बाबा 'नीळ्ळू, नीळ्ळू' म्हणत होते. म्हणजे पाणी. आणि मावशी बिचाऱ्या, "नीलू सकाळी येणार आहे हां," असं सांगून त्यांना थोपटत होत्या.

दुसरा प्रसंग श्रावणातला. आईचा सोमवार. मावशींनी नेहमीच्या वेळेला इन्सुलिन दिलं, आई उपासाची. दहा वाजता तिला दरदरून घाम आणि हातपाय थरथरायला लागले. शेजारच्या काकांनी साखर घातली तोंडात म्हणून निभावलं. मला कळलं दुपारी. हॉलमध्ये कॅमेरा आहे, पण लाइट गेली की तोही आंधळा. शिवाय तिथे सकाळचे सहा म्हणजे इथे हिवाळ्यात रात्रीचा दीड.

तेव्हा दोन गोष्टी हव्यात. तेलुगू समजणाऱ्या मावशी, निदान रात्रीपुरत्या. आणि आठवड्यातून एकदा घरी जाऊन सगळं बघून मला खरं काय ते सांगणारी जाणकार व्यक्ती. आई फोनवर "सगळं ठीक आहे" याशिवाय काही सांगत नाही. पैसे अर्थातच देईन.

त्यांना इकडे आणा, हा सल्ला कृपया नको. ९० दिवसांच्या व्हिसावर येऊन गेलेत, कायमचं आणणं जवळपास अशक्य आहे. मीच परत यावं, हा सल्ला आई रोज देते.

साखरपेठकर :
नीळ्ळूची नीलू! काय बे हे. ब्युरोत तेलुगू मावशी शोधू नका, मिळणार नाहीत. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका विड्या वळतात. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं विडी कामगारांचीच. पण वळणाऱ्या बाईला चोवीस तास मागितलेत तर ती दारातच नाही म्हणेल. घरबसल्या काम आहे, पोरं डोळ्यांसमोर, पीएफ कापला जातो. ते टाकून परक्याच्या घरी झोपायला कशाला येईल? वयामुळे ज्यांची बोटं आता चालत नाहीत, अशा बायका विचारा. पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या. अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत तोंडी निरोप फिरवा. रात्री आठ ते सकाळी आठ, आणि जाण्या-येण्याची रिक्षा तुमची. एवढ्या लांब शहराच्या दुसऱ्या टोकाला रात्री कोण येणार? कुणीही ठेवा, आधार कार्डाची प्रत घ्या आणि पोलीस चौकीत नोंद करा.

वॉकरवाली :
मी फिजिओ आहे, विजापूर रोडच्या बाजूला घरी जाऊन व्यायाम घेते. भाषेचं नंतर बघा. दिवसा बरे आणि रात्री असंबद्ध, हे ऑपरेशननंतर सुरू झालं असेल तर वयावर ढकलू नका. रक्तातलं सोडियम आणि लघवीचं इन्फेक्शन या आठवड्यातच तपासून घ्या. पोट साफ होतंय का तेही विचारा. म्हातारी माणसं यातल्या कशानेही बरळतात, आणि बहुतेकदा उपचाराने ताळ्यावर येतात.

इन्सुलिनचं : मावशी म्हणजे नर्स नव्हे. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, हे भिंतीवर लिहून चिकटवा. उपासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आठवड्याच्या भेटीसाठी निवृत्त सिस्टर बघा. वार ठरलेला नको, नाहीतर तेवढ्याच दिवशी चादर बदलली जाते. टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी बघायची, गोळ्या मोजायच्या, आईशी स्वयंपाकघरात दहा मिनिटं एकटीनं बोलायचं. पैसे तुम्ही थेट द्या, ब्युरोमार्फत नको.

पेन्शनर :
बाबा ८० च्या पुढचे, केंद्राची पेन्शन. हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत बँकेत नेऊ नका. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करतो. आणि १०८ जर्मनीतून लागणार नाही. तुमच्या वतीने तो फोन कोण करणार, ते आजच ठरवा.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार, वॉकरवालीताईंचे जास्त. सोडियम १२६, म्हणजे बरंच कमी निघालं. चार दिवस ॲडमिट होते, बीपीची गोळी बदलली. रात्रीची बडबड बरीच कमी आहे, पण पूर्ण गेलेली नाही.

साखरपेठकर, तुमच्या गल्लीतूनच एक मावशी मिळाल्या, पंचावन्नच्या. गंमत अशी, की आता डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. म्हणजे नीळ्ळू कळणारं माणूस मिळालं, आणि तिचं काम नीळ्ळू नाही म्हणायचं. तेलुगूत दटावते तर ऐकतात म्हणे. पहिल्या रात्री बाबांनी तिला विचारलं, "कुणाची गं तू?" तिने वडिलांचं नाव सांगितलं, तर बाबांना त्यांचा हातमाग आठवला.

सिस्टर अजून मिळालेल्या नाहीत, कुणी माहितीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. आणि अशोक चौक ते जुळे सोलापूर, रात्री आठला आणणं आणि सकाळी आठला सोडणं, महिन्याच्या बोलीवर रिक्षावाले सध्या किती घेतात?