मदत हवी आहे: कॅरिअर (विमानवाहू जहाज) लँडिंगला स्पीड ब्रेक (वेग कमी करायला हवेत उघडणाऱ्या झडपा) कधी आत घ्यायचे?

मंडळी, कोल्हापुरात सिम्युलेटर शिकणाऱ्या पोरांसाठी एक पानाचा तक्ता करतोय, एका जागी अडलोय.

एफ-१४ या लढाऊ विमानाला अप्रोचमध्ये (उतरायला येताना) ब्रेक बाहेर, अँगल ऑफ अ‍ॅटॅक (पंख आणि समोरच्या हवेतला कोन) मापकावर १५ युनिट. ए-४ या जुन्या जेटलाही बाहेरच. कारण जुनी जेट इंजिनं कमी आरपीएमवरून सावकाश जोर धरतात. ब्रेकचा ड्रॅग (हवेचा विरोध) वाढवला की तोच वेग राखायला थ्रॉटल जास्त ठेवावा लागतो. मग वेव्ह-ऑफ (उतरू नका, परत वर जा असा इशारा) मिळाला की ताकद लगेच येते. एफ/ए-१८ ला नेहमीच्या अप्रोचमध्ये ब्रेक लागत नाहीत, तिथं पोरं उगाच उघडतात.

अडचण बोल्टरची, म्हणजे डेकवरची तार न सापडता परत उडावं लागतं त्याची. चाकं डेकला टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढं, हे ठरलेलंच. हुक तार चुकला तर परत उडायचंय. एफ-१४ मध्ये थ्रॉटल मिलिटरीला (आफ्टरबर्नरशिवायच्या पूर्ण ताकदीला) गेला की ब्रेक आपोआप मिटतात. ए-४ मध्ये मात्र अंगठ्यानं मिटावे लागतात, आणि नवखा नेमका तेच विसरतो.

तर ए-४ साठी क्रम काय लिहू? आधी थ्रॉटल, मग ब्रेक, की दोन्ही एकदम? आणि ग्रूव्हमध्ये (डेकआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) उंच राहिलात तर ब्रेकला हात न लावता फक्त थ्रॉटलनं सुधारायचं, असं ठाम लिहू ना? थ्रॉटलवर ब्रेकचं बटण कुठं नेमलंय तेही सांगा भावांनो.