पैशासाठीच असतं तर अल्बम 2009 लाच काढला असता

'पुन्हा एकत्र आलेल्या बँडचा अल्बम म्हणजे टूरची तिकिटं खपवायचं निमित्त' असं मत इथे कुणीतरी मांडलंय, आणि एरवी मी ते मान्य केलं असतं. पण 'फेथ नो मोअर' या अमेरिकन रॉक बँडच्या 'सोल इन्विक्टस' या अल्बमला ते लागू पडत नाही. ही मंडळी 2009 मध्ये परत एकत्र आली आणि अल्बम आला 2015 मध्ये. मधली वर्षं जुन्याच गाण्यांवर मैफली हाऊसफुल्ल होत होत्या, मग नव्याची गरजच काय होती? अल्बममधलं 'मॅटॅडोर' हे गाणं तर 2011 मध्येच ब्युनोस आयर्सला वाजवलं होतं. म्हणजे चार वर्षं ते गाणं मुरत होतं.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: हा अल्बम त्यांनी ओकलंडमधल्या स्वतःच्या तालमीच्या खोलीत रेकॉर्ड केला. निर्माता त्यांचाच बास गिटार वाजवणारा बिली गूल्ड. मोठी कंपनी नाही, डोक्यावर बसलेला कुणी साहेब नाही. ते ऐकूही येतं. पियानो आणि ड्रम्स अगदी कानाशी आहेत, आणि गायक माइक पॅटन कुजबुजतो तेव्हा आपण त्याच खोलीत बसल्यासारखं वाटतं. मेटल, फंक, मध्येच एखादी संथ लाउंज चाल, हा जुना मिसळीचा कट तसाच आहे, फक्त तर्री जरा कमी. जुना गिटारवादक जिम मार्टिनची जाड गिटार मलाही आठवते, नाही असं नाही. पण दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. हेडफोन लावून एकदा सलग ऐका.