मदत हवी आहे: अनुदानाच्या अर्जात युनिट कळव्यात दाखवावं की मुरबाडला?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कळव्याला भाजणी, मेतकूट करून विकते. गाळ्याचं भाडं आणि वीजबिल गेलं की हातात फारसं उरत नाही. मुरबाडजवळच्या गावी माझ्या जाऊबाई हेच करतात. जागा घरची, पण गिऱ्हाईक नाही, आणि पावसात वीज गेली की भाजलेली डाळ चक्कीजवळ तशीच पडून सादळते.

पीएमईजीपीत (छोट्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना) महिलांना शहरी भागात २५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात ३५. आम्हाला भाजणं-दळणं गावी आणि पॅकिंग-विक्री इथे करायचीय. मग कुठला दर लागेल? कर्जाला बँक गावची घ्यावी की ठाण्याची? असा अर्ज कुणी केला असेल तर प्रकल्प अहवालात जागेचं काय लिहिलंत, ते कृपया सांगा. दोघींची साठवलेली पुंजी यात जाणार आहे.