वडिलांची 1210 : माझ्या लायसन्सवर चालेल का?

फलटणचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. वडील जाऊन दोन महिने झाले. त्यांची मालाची गाडी, 1996 ची टाटा 1210 ट्रक, गोठ्यामागं चिंचेखाली उभी आहे. पासिंग (आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट) संपून वर्ष होत आलं. विकायला मन धजत नाही. घरचा ऊस, कडबा ओढायला ठेवावी म्हणतो. माझं लायसन्स कारचं, 14 वर्षांचं. मालाच्या गाडीलाही तेच चालतं असं 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं म्हणे. खरं का? आणि 15 वर्षांवरची गाडी भंगारात घालावीच लागते का?

जुना_लाईनवाला
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, दादा. 1210 वर मी 11 वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

निकाल खरा, पण भरल्या गाडीचं एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तरच. टाटाची छोटी 407 त्यात बसते. 1210 मधले 12 म्हणजेच बारा टन. रिकामी नेली तरी आरसीवरचंच (नोंदणीच्या कागदावरचंच) वजन धरतात. तुम्हाला हेवीचं, म्हणजे जड गाडीचं लायसन्स काढावं लागेल. त्याला कारचं लायसन्स वर्षभर जुनं हवं, ते तुमचं आहेच. लर्निंग काढा, ड्रायव्हिंग स्कूलकडून शिकल्याचा 5 नंबरचा फॉर्म घ्या, मग टेस्ट. तोवर ड्रायव्हर ठेवा. चुकीच्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. त्यात शेत जाईल.

भंगाराचं म्हणाल तर आपल्याकडं खाजगी मालकीची (सरकारी नसलेली) गाडी नुसत्या वयावर जात नाही. पासिंग दरवर्षी करायचं, फी मात्र जुन्या गाडीला जबर. नॅशनल परमिट 12 वर्षांनंतर मिळत नाही, पण तुम्हाला कुठं राज्याबाहेर जायचंय!

आरटीओची_कामं
आधी आरसीवर नाव चढवा. मालक वारल्याचं 30 दिवसांत कळवायचं असतं. ते राहिलं असेल तर उद्याच जा. वारसाचा 31 नंबरचा फॉर्म तीन महिन्यांच्या आत, म्हणजे तुमच्या हातात महिनाच आहे. आणि चेसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर वाचता येतो का बघा. गंज असेल तर रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश. ग्राइंडर अजिबात नको. नंबर खोडल्यासारखा दिसला तर गाडी अडकून पडते.

फलटणचा_शेतकरी
दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी रॉकेल लावून घासत बसलो. कागद ठेवून पेन्सिल फिरवली, शेवटचे चार आकडे नीट उठले. त्याआधीचे अजून गंजाखाली आहेत. सकाळी परत बसतो.